भाषा कोणाची, निवड कोणाची : कार्यालयीन प्रोग्रॅमिंग भाषावादाचा इंदूरच्या संदर्भात आढावा

संगणकाला काम सांगण्यासाठी काटेकोर व्याकरणाची जी कृत्रिम भाषा वापरली जाते तिला प्रोग्रॅमिंग भाषा म्हणतात, आणि अशा भाषा आजवर शेकड्यांनी निर्माण झाल्या असल्या तरी व्यवसायात ज्यांच्यावरून वाद झडतात त्या मोजक्याच आहेत. जावा की सी-शार्प, पीएचपी की पायथन, जावास्क्रिप्ट की टाइपस्क्रिप्ट, सी की रस्ट, असे प्रश्न कार्यालयात निघतात तेव्हा वरकरणी चर्चा भाषेच्या अंगच्या गुणांची असते. वेग, नेमकेपणा, शिकण्यातली सुलभता, चुका लवकर पकडण्याची ताकद यांची तुलना होते. त्या चर्चेच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले असतात. आधी लिहून ठेवलेल्या कोडचे काय करायचे, उद्या ते सांभाळणार कोण, आणि निवडीचा अधिकार मुळात कोणाच्या हाती आहे? या वादावरचे बहुतेक लेखन ज्या ठिकाणी झाले तिथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरलेले होते. इंदूरसारख्या, बव्हंशी दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या शहरात ते गृहीत धरता येत नाही, आणि म्हणून तिथल्या वादाचे स्वरूपही निराळे होते.

वाद जुना आहे. १९५७ मध्ये आयबीएमने फोरट्रान ही गणिती सूत्रे लिहिण्याची भाषा बाजारात आणली तेव्हा यंत्राच्या जवळच्या सांकेतिक भाषेत लिहिणाऱ्यांचा आक्षेप असा होता की भाषांतर करणारी आज्ञावली, म्हणजे कंपायलर, माणसाइतका आटोपशीर कोड कधीच देणार नाही. तो आक्षेप काही वर्षांतच मावळला. पुढच्या पिढीतला अधिक बोधप्रद दाखला १९८१ चा आहे. सी भाषेच्या वर्तुळातले ब्रायन कर्निगन यांनी पास्कल या शिकवण्यासाठी नावाजलेल्या भाषेवर सविस्तर टीका लिहिली आणि तिच्यातला एक मुद्दा असा होता की पास्कलमध्ये यादीची लांबी हा तिच्या प्रकाराचाच भाग मानला जात असल्यामुळे दहा नोंदींची यादी क्रमाने लावणारा कोड वीस नोंदींच्या यादीला चालत नाही. वर्गात हा दोष जाणवत नाही. तो जाणवतो तो रोजच्या कामात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या यंत्रणांतील शेकडो भाषांचा गोंधळ मिटवण्यासाठी १९८३ मध्ये प्रमाणित झालेली एडा ही भाषा सक्तीची करून पाहिली आणि १९९७ मध्ये ती सक्ती सोडून दिली. एडा चुका रोखण्यासाठीच घडवलेली होती, तरी ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाला तो एडात लिहिलेल्या कोडमुळे. एरियन-४ साठी लिहिलेला भाग तसाच उचलला गेला होता, आणि मोठी संख्या सोळा अंकी जागेत (म्हणजे सोळा द्विमान अंकांच्या) बसवण्याचा प्रयत्न तिथे फसला. भाषा सुरक्षित असली तरी जुन्या कोडमागची गृहीते नव्या यंत्राला लागू आहेत का, हे ती तपासत नाही.

मते बाजूला ठेवून मोजमाप करण्याचे प्रयत्नही झाले. लुट्झ प्रेखेल्ट यांनी २००० मध्ये सात भाषांत लिहिलेल्या एकाच आज्ञावलीच्या ऐंशी आवृत्त्या तपासल्या. पायथन, पर्ल यांसारख्या भाषांत लिहायला वेळ निम्मा किंवा त्याहूनही कमी लागतो आणि ओळीही साधारण निम्म्या होतात, असे त्यांना दिसले; पण त्याच अभ्यासात एकाच भाषेत लिहिणाऱ्या दोन माणसांमधला फरक कित्येकदा दोन भाषांमधल्या फरकाहून मोठा निघाला. २०१४ मध्ये गिटहब या सार्वजनिक कोडसंग्रहातले ७२९ प्रकल्प आणि १७ भाषा घेऊन एक बराच गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषा आणि दोषांचे प्रमाण यांचा संबंध थोडा पण निश्चित आहे, असा त्याचा निष्कर्ष होता आणि बैठकांमध्ये तो हत्यारासारखा वापरला गेला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तीच सामग्री पुन्हा तपासली, तेव्हा दोषांशी संबंध दाखवणाऱ्या अकरा भाषांपैकी चारच उरल्या आणि त्यांचाही परिणाम नगण्य ठरला. या फेरतपासणीतला एक तपशील जवळून पाहण्याजोगा आहे. टाइपस्क्रिप्ट ही भाषा २०१२ मध्ये आली, पण मूळ अभ्यासात तिच्या खात्यावर २००३ पासूनच्या नोंदी होत्या; झाले होते असे की, त्या फायलींच्या नावाची शेपटी टाइपस्क्रिप्टसारखीच असली तरी आत पडद्यावरील मजकुराची भाषांतरे होती आणि कोडचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. ज्या आकड्यांवर लोक पाच वर्षे भांडले त्यांचा एक भाग अशा फायलींतून आला होता.

प्रकारांच्या वादाचेही असेच आहे. ज्या भाषेत प्रत्येक चलाचा प्रकार (संख्या, मजकूर, दिनांक इत्यादी) आधी ठरतो आणि आज्ञावली चालण्यापूर्वीच तपासला जातो तिला स्थिर प्रकारांची भाषा म्हणतात. जावा आणि सी-शार्प या गटातल्या, तर पायथन, पीएचपी आणि जावास्क्रिप्ट चालताना प्रकार ठरवणाऱ्या गटातल्या. जावास्क्रिप्टमध्ये मजकुरातल्या ५ मध्ये १ मिळवला तर ५१ येते आणि त्याच ५ मधून १ वजा केला तर ४ येते, हे उदाहरण प्रत्येक शिकवणीवर्गात सांगितले जाते. २०१७ च्या एका अभ्यासाने सार्वजनिक प्रकल्पांतले प्रत्यक्ष दोष घेऊन पाहिले आणि प्रकार जोडले असते तर त्यांपैकी सुमारे १५ टक्के आधीच पकडले गेले असते, असा हिशेब मांडला. पंधरा टक्के ही क्षुल्लक बाब नाही, पण उरलेले पंचाऐंशी टक्के दोष वेगळ्याच कारणांचे होते हेही त्याच आकड्यात आहे.

पुरावा खरोखर भक्कम आहे तो एकाच क्षेत्रात, स्मृतिसुरक्षेच्या. सी आणि सी-प्लस-प्लस या भाषांत संगणकाची स्मृती मागून घेणे आणि परत करणे ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते; परत केलेली जागा चुकून पुन्हा वापरली किंवा यादीच्या टोकापलीकडे वाचले गेले तर भाषा अडवत नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड हा दोष याच जातीचा होता. समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून सर्व्हर स्वतःच्या स्मृतीतला परका मजकूर, कदाचित कोणाचे पासवर्डही, परत पाठवत असे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के या प्रकारचे असल्याचे सांगितले आणि क्रोम ब्राउझरच्या गंभीर दोषांबाबत गूगलचा आकडाही तेवढाच निघाला. अँड्रॉइडमध्ये अशा दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. त्यासाठी जुना कोड नव्याने लिहून काढावा लागला नाही. नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण पुरेसे ठरले. कार्यालयीन वादात ‘सगळे पुन्हा लिहू’ आणि ‘आहे तेच चालू दे’ अशी दोन टोके धरली जातात, त्यांच्या मधला हा मार्ग पुराव्यासकट उपलब्ध आहे. पण इंदूरमधले फार थोडे काम या क्षेत्रातले आहे.

या शहराचा सॉफ्टवेअर व्यवसाय सेवा पुरवण्याचा आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेली गोविंदराम सेकसरिया संस्था, १९६४ चे विद्यापीठ (आजचे देवी अहिल्या विश्वविद्यालय) आणि २००९ पासूनची आयआयटी यांच्यामुळे मनुष्यबळ इथेच घडते. इम्पेटस, यश टेक्नॉलॉजीज, २००० मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराच्या लघुउद्योग मंचावर आलेली इन्फोबीन्स यांसारख्या कंपन्यांनी त्याला घरच्या घरी काम दिले, आणि नंतर सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची संकुले उभी राहिली. खंडवा रोडवरच्या क्रिस्टल आयटी पार्कमधल्या किंवा विजयनगरातल्या एखाद्या लहान कंपनीत जे काम येते त्याची भाषा बहुधा कामाबरोबरच आलेली असते. ग्राहकाची दहा वर्षांपूर्वीची जावा प्रणाली आहे, तिच्यात भर घालायची आहे. किंवा ग्राहकाने सेल्सफोर्स ही विक्रीव्यवस्थापनाची प्रणाली भाड्याने घेतली आहे, तिच्यावर बांधकाम करायचे आहे. सेल्सफोर्सची एपेक्स ही भाषा दिसायला जावासारखी असली तरी त्या कंपनीच्या सर्व्हरबाहेर ती चालतच नाही, त्यामुळे तिच्या गुणदोषांवर कितीही चर्चा झाली तरी तिला पर्याय उरत नाही. इन्फोबीन्सने २०२१ मध्ये याच क्षेत्रातली पुण्याची इटर्नस ही कंपनी विकत घेतली, यावरून या कामाला किती मागणी आहे हे कळते आणि भाषेची निवड इंदूर-पुण्यापासून किती दूर होते हेही कळते.

कराराचे स्वरूप इथे भाषेच्या गुणांहून अधिक प्रभावी ठरते, आणि आजवरच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेला मुद्दा हाच आहे. सेवाव्यवसायात पैसे मोजण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत माणसामागे तासांचे बिल लागते, दुसरीत पूर्ण कामाची रक्कम आधी ठरते. तासांच्या बिलात काम लवकर संपवणारी भाषा ग्राहकाच्या फायद्याची असते. कंपनीच्या हिशेबात ती महसूल कमी करते. ठरीव रकमेच्या करारात गणित उलटे फिरते आणि मग पायथनची आटोपशीर वाक्यरचना किंवा तयार साधनांचा साठा यांना अचानक वजन येते. प्रेखेल्ट यांच्या अभ्यासातला निम्मा वेळ कोणाच्या खिशात जातो हे विचारल्याशिवाय तो निष्कर्ष कार्यालयाच्या कामाचा नाही.

अधिकार नसलेल्या जागी वाद थांबत नाही, तो विषय बदलतो. बैठकीत ‘ही भाषा आता जुनी झाली’ असे एखादा तरुण प्रोग्रॅमर म्हणतो तेव्हा त्याच्या मनात स्वतःचा बाजारभाव असण्याची शक्यता मोठी असते. तीन वर्षे जुन्या पीएचपी प्रकल्पावर काढली तर पुढच्या मुलाखतीत काय सांगायचे, हा विचार स्वार्थी म्हणून झटकण्यासारखा नाही, कारण प्रकल्प संपल्यावर ‘बेंच’वर, म्हणजे काम नसलेल्या राखीव यादीत, बसण्याची पाळी त्याच्यावर येते, कंपनीचा ग्राहक तेव्हाही टिकून असतो. दुसऱ्या बाजूला व्यवस्थापक ‘जावाची माणसे सहज मिळतात’ म्हणतो तेव्हा तोही भाषेबद्दल बोलत नसून नोटीस देऊन जाणाऱ्यांच्या जागा भरण्याबद्दल बोलत असतो. दोघेही भाषेचे नाव घेऊन भरतीबद्दल भांडत असतात, आणि ते उघड मान्य केले असते तर अशा निम्म्या बैठका लवकर संपल्या असत्या.

भरतीचा हा दाब शिक्षणापर्यंत पोहोचतो. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर भारतातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या वाढल्या, आणि त्यांतल्या अनेकांनी बोरलँडच्या टर्बो सी-प्लस-प्लस या १९९० च्या, निळ्या पडद्याच्या साधनावर, ते बाजारातून हद्दपार झाल्यानंतरही वर्षानुवर्षे प्रात्यक्षिके केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने बारावीपर्यंतच्या संगणकशास्त्रातून सी-प्लस-प्लस काढून पायथन आणली ती २०१९-२० च्या सुमारास. भंवरकुआच्या आसपासच्या शिकवणीवर्गांत त्या-त्या काळी जी भाषा शिकवली जाते ती नोकरीच्या जाहिरातींवरून ठरते, आणि नोकरीच्या जाहिराती परदेशातल्या ग्राहकाने पाच-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयांवरून ठरतात. शिकणाऱ्याला वाटते की तो भविष्याची तयारी करतो आहे.

पीएचपीचा दाखला थोडा विस्ताराने घेण्यासारखा आहे, कारण लहान कंपन्यांची मोठी संख्या तिच्या आधाराने उभी राहिली आणि टीकाही सर्वाधिक तिच्यावर झाली. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळासाठी जाहीर केलेली ही साधने हळूहळू भाषा बनली, आणि आराखड्याविना वाढल्याच्या खुणा तिच्यात राहिल्या. दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर पीएचपी दोन मजकूर संख्येसारखे दिसत असल्यास त्यांना संख्या समजते. त्यामुळे ‘०ई’ने सुरू होऊन पुढे केवळ अंक असलेले दोन भिन्न मजकूर तिच्या लेखी शून्यच ठरतात, आणि पासवर्डचे सांकेतिक रूप अशा प्रकारे तपासले असेल तर चुकीचा पासवर्डही चालून जाऊ शकतो. उपाय सोपा आहे, तिहेरी चिन्ह वापरायचे. ते वापरायचे हे माहीत असणे मात्र लिहिणाऱ्यावर सोडलेले आहे. २०२० च्या आठव्या आवृत्तीने यांतल्या काही सवयी सुधारल्या. दुसऱ्या पारड्यात हे आहे की स्वस्त सर्व्हरवर फायली टाकल्या की काम सुरू होते आणि वर्डप्रेस ही संकेतस्थळे बनवण्याची सर्वांत प्रचलित प्रणाली पीएचपीतच आहे. कापडबाजारातल्या व्यापाऱ्याला संकेतस्थळ हवे असते तेव्हा या दोन गोष्टींपुढे तुलनेचे चिन्ह गौण ठरते. फेसबुकचा मार्गही उद्बोधक आहे: त्यांनी पीएचपी टाकून दिली नाही, तिच्यावरच प्रकारांची तपासणी चढवून २०१४ मध्ये हॅक ही भाषा काढली.

पैशांच्या हिशेबात तर जुनी भाषा काही बाबतीत सरस ठरते. बहुतेक भाषांच्या दशांश संख्या यंत्रात द्विमान रूपात साठवल्या जातात, त्यामुळे पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर दशांश चिन्हानंतरच्या सतराव्या स्थानी ४ हा आगंतुक अंक उमटतो. १९५९-६० मध्ये व्यापारी कामासाठीच घडवलेल्या कोबॉलमध्ये रुपयांसाठी सात जागा आणि पैशांसाठी दोन अशी चौकट आखून देता येते आणि बेरीज वहीतल्यासारखी होते. नव्या भाषांतही त्यासाठी वेगळी साधने आहेत, पण ती आठवणीने वापरावी लागतात. होळकरांच्या आश्रयाने १९२० मध्ये सुरू झालेली बँक ऑफ इंदूर पुढे स्टेट बँक ऑफ इंदूर झाली आणि २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. त्या समूहाची खाती ज्या बँक्स प्रणालीवर चालतात तिच्या गाभ्यात कोबॉल आहे. अशा कोडची खरी अडचण होळकर दरबाराच्या मोडी दप्तरासारखी असते: मजकूर शाबूत, हिशेब बिनचूक, वाचणारे मात्र मोजके. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले होते.

यातून स्थलांतराचा, म्हणजे एका भाषेतला कोड दुसरीत नेण्याचा, धंदा उभा राहिला आणि इंदूर त्यात भाषा स्वीकारणारे तसेच भाषांतर करून देणारे शहरही आहे. इम्पेटसचे लीपलॉजिक हे साधन टेराडेटासारख्या जुन्या विदासंग्रहांसाठी लिहिलेला कोड स्पार्कसारख्या नव्या मंचांवर चालेल अशा रूपात बदलून देते. असे यांत्रिक भाषांतर शब्दाला शब्द लावून झाले तर काय होते हे सांगणारा ‘जोबॉल’ हा टोमणा व्यवसायात रूढ आहे, आणि त्याचा अर्थ जावाच्या व्याकरणात लिहिलेले कोबॉल असा. एकाच भाषेच्या दोन आवृत्त्यांमधले स्थलांतरही स्वस्त पडत नाही. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसरीला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडली. हा बदल देवनागरी लिहिणाऱ्यांच्या हिताचा होता: ‘इंदूर’ या शब्दाची लांबी दुसरी आवृत्ती पंधरा सांगे, कारण ती बाइट मोजत असे; तिसरी पाच सांगते, कारण ती अक्षरचिन्हे मोजते. वाचणाऱ्याला तीनच अक्षरे दिसतात, तेव्हा तंटा अजून पुरता मिटलेला नाही.

शहरात एक ठिकाण या बाजारापासून अलिप्त आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-१ आणि इंडस-२ ही इलेक्ट्रॉन साठवून त्यांच्यापासून तीव्र प्रकाश मिळवणारी वलययंत्रे अनुक्रमे १९९९ आणि २००५ पासून चालतात, आणि इंडस-२ च्या नियंत्रणात खालच्या स्तरावर ओएस-९ या तत्काळ प्रतिसाद देणाऱ्या प्रणालीवरील नियंत्रक आणि वर पीव्हीएसएस हे, जिनिव्हाच्या सर्नमध्येही वापरले गेलेले, देखरेखीचे सॉफ्टवेअर अशी रचना केली गेली. पीव्हीएसएसची स्वतःची सी-सारखी भाषा आहे. इथे ग्राहक आणि लिहिणारा एकच असूनही भाषा यंत्रसामग्रीबरोबर आली, फरक एवढाच की यंत्र किती दशके चालवायचे आहे हे निवडणाऱ्याला ठाऊक होते. सेवाकंपनीत तो काळ बहुधा कोणालाच माहीत नसतो.

गेल्या काही वर्षांत कोड सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आणि त्यांनी जुनी वजने हलवली आहेत. ज्या भाषांत सार्वजनिक कोड विपुल आहे तिथे ही साधने चांगली चालतात, म्हणजे लोकप्रिय भाषा आणखी लोकप्रिय होतात. यंत्राने लिहिलेला कोड तपासायचा तर स्थिर प्रकार उपयोगी पडतात, आणि २०२५ मध्ये गिटहबवर टाइपस्क्रिप्ट पहिल्या स्थानी गेली त्याचे एक कारण हे सांगितले गेले. जुन्या कोबॉलचा किंवा पर्लचा अर्थ लावून देणे ही साधने बऱ्यापैकी करतात, त्यामुळे वाचक उरले नाहीत ही तक्रार थोडी सौम्य होते. पण इंदूरच्या दृष्टीने मोठा बदल कराराच्या बाजूने येण्याची चिन्हे आहेत. लिहिण्याचे तास घटले की तासांच्या बिलावरचा धंदा आटतो आणि कंपन्यांना पूर्ण कामाची रक्कम ठरवून, जोखीम स्वतः घेऊन, करार करावे लागतात. जोखीम जिच्याकडे, साधन निवडण्याची मुभाही तिनेच मागायची. तशी मुभा देणारे कलम करारात आले तर विजयनगरातल्या बैठकीतला वाद पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने भाषेवरचा होईल, आणि तेव्हा प्रेखेल्टचे आकडे, स्मृतिसुरक्षेचा पुरावा आणि सतराव्या स्थानचा तो ४ या सगळ्यांची किंमत ग्राहकाऐवजी त्या बैठकीतल्या माणसांना मोजावी लागेल.